पोट बिघडेल म्हणून पाणीच न पिणाऱ्या अक्का

‘बाहेरगावी पोट बिघडलं तर?’ ही धास्ती घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारे बहुतेक जण पन्नाशीच्या पुढचे असतात, त्यांतही बायका जास्त. डॉक्टरांकडे जाऊन आलेल्या असतात, तपासण्या ठीक असतात, तरी भीती जात नाही. बेळगावजवळच्या खानापूरच्या अक्कांचं असंच होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलानं नातवंडांच्या दसऱ्याच्या सुट्टीत राजस्थानचा बेत आखला होता, आणि तो सगळा खाण्याभोवती. जोधपूरला मिरची वडा, प्याज कचोरी, पाकात बुडवलेली मावा कचोरी. जैसलमेरला घोटुवां लाडू. मध्ये कुठं ढाब्यावर दाल-बाटी-चुरमा. मुलगा दुकानांची यादी करत होता, अक्का दुसरीच यादी करत होत्या: दशम्या, शेंगाचटणी, चिवडा आणि गोळ्यांची पिशवी.

काही वर्षांपूर्वी देवदर्शनाहून परतताना बसमध्ये त्यांचं पोट बिघडलं होतं. गाडी थांबवावी लागली आणि सगळी बस त्यांच्याकडे बघत राहिली. पोट दोन दिवसांत बरं झालं. ते बघणं मात्र मनातून गेलं नाही.

“मॅडम, खायचं भ्या नाही मला. संडास नाही गावला तर काय करू, त्याचंच भ्या वाटायलंय.”

जोधपूरहून जैसलमेरला गाडीनं पाचएक तास लागतात. त्या दिवशी काय करणार, असं मी विचारलं. “सकाळी घोटभर चहा. मग जेवण नाही, पाणीबी नाही.” हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की शेजारी बसलेल्या सुनेनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्याकडच्या किती बायका लग्नाला, यात्रेला निघताना हेच करतात आणि कुणाला पत्ता लागत नाही!

माझ्या मते इथं धोका कचोरीचा नव्हताच, या बेताचा होता. दसऱ्याच्या सुमारासही तिकडं दुपारी पारा पस्तिशीच्या आसपास असतो. खानापूरच्या दमट हवेत घाम अंगाला चिकटतो, म्हणून कळतो. वाळवंटाच्या कोरड्या हवेत तो आल्या आल्या सुकतो आणि अंगातलं पाणी किती गेलं याचा अंदाजच येत नाही. वयानुसार तहानही कमी लागते. त्यातून अक्कांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. गोळीचं काय करायचं हे मी सांगणार नाही, ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं. जाण्याआधी त्यांना विचारूनच या, असं मात्र निक्षून सांगितलं.

मग पोटाकडे वळलो. जेवणानंतर थोड्या वेळात मोठं आतडं हालचाल करू लागतं आणि शौचाची भावना होते. निरोगी माणसालाही होते. अक्का त्याला ‘खाल्लेलं बाधलं’ समजत होत्या. तसं समजलं की भीती, भीतीनं आतडं आणखी जोरात हलतं, कळ वाढते, आणि शंका खरी ठरल्यासारखी वाटते. घरचे ‘काही होत नाही हो’ म्हणत राहिले, तरी याच्यापुढं त्या शब्दांचा काही उपयोग नव्हता. मीही पोट बिघडणार नाही अशी हमी दिली नाही. कोण देणार?

त्याऐवजी आम्ही सराव ठरवला. बेळगावात स्टँडजवळ गिरमिट (कुरमुऱ्यांचा चटकदार प्रकार) आणि मिरची भजी खायची, आणि लगेच खानापूरची बस धरायची. पहिल्या खेपेला सून सोबत, पुढं एकटीनं. पाणी नेहमीसारखं प्यायचं. कळ आली की घड्याळ बघायचं, गोळी घ्यायची नाही. पहिल्या दिवशी कळ देसूरच्या अलीकडेच आली. अक्कांनी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली, आणि थोड्या वेळानं कळ आपोआप ओसरली. असं तीन-चारदा झाल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, “येतीया आणि जातीया.”

दुसरं काम कागदावरचं होतं: बिघडलंच तर काय? ओआरएसचं एक मोठं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून घोट घोट प्यायचं. ताप, शौचात रक्त, चक्कर, लघवी फारच कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर दवाखाना. हॉटेलवर उतरल्यावर खोलीत विश्रांती, आणि बाकीच्यांनी किल्ला बघायला जायचं. हे शेवटचं अक्कांनीच लिहायला लावलं. आपल्यामुळे सगळे अडकतात, याची लाज त्यांना पोटापेक्षा मोठी होती.

खाण्याचं थोडक्यात बोललो. जुलाब बहुतेक वेळा जंतूंनी होतात, तिखटानं बहुधा नुसती आग होते. म्हणून समोर कढईतून काढलेला गरम मिरची वडा हा बर्फ घातलेल्या लस्सीपेक्षा किंवा उघड्यावरच्या चटणीपेक्षा कमी जोखमीचा. तुपात बुडवलेली बाटी पोटात बराच वेळ राहते, ती मुक्कामाच्या दिवशी खावी, प्रवासाच्या नव्हे. केर-सांगरीचं ऐकून अक्कांना गंमत वाटली: खेजडीच्या झाडाच्या शेंगा आणि केरची फळं वाळवून ठेवायची आणि वर्षभर भाजी करायची. “म्हणजे आमच्या सांडग्यांगतच की!” दशम्या मात्र मी काढायला लावल्या नाहीत. पहिल्या दिवशी आगगाडीत त्या असू देत.

जैसलमेरला एका दुपारी पोट थोडं बिघडलंच. ओआरएस घेऊन त्या झोपल्या, बाकीचे किल्ल्यावर गेले, दुसऱ्या दिवशी अक्कांनी घोटुवां लाडू खाल्ला. गाडीतून जाताना त्यांनी बाटली रिकामी केली, हे सुनेनं मुद्दाम फोन करून कळवलं. लांब पल्ल्याच्या बसला त्या अजून तयार नाहीत. पुढच्या महिन्यात कोल्हापूरपर्यंत जाऊन बघायचं ठरलंय, खिडकीजवळ न बसता मधल्या सीटवर बसून.