ऐरोलीत राहून चौदा वर्षांच्या मुलासाठी सरकारी मानसोपचार कसा मिळवावा?

नववीतला मुलगा दोन महिने शाळेत जात नाही, रात्रभर जागतो, खासगी समुपदेशकाची फी परवडत नाही आणि सरकारी ठिकाणी नेल्यास ‘ठाण्याला नेला’ असा शिक्का बसेल का, असे आपण विचारले आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण मी ठाण्यातल्याच कळव्यात राहत असूनही याच भीतीपायी माझ्या मुलाच्या बाबतीत सात महिने वाया घालवले.

प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासून ठाण्यात असल्यामुळे आमच्या गावाचे नाव टोमण्यासारखे वापरले जाते. परंतु तेथे बाह्यरुग्ण विभागही आहे आणि त्यात दाखवणे म्हणजे दाखल होणे नव्हे. किंबहुना 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार अल्पवयीन मुलाला दाखल करायचे झाल्यास पालकांचा अर्ज लागतो, एका मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते, त्याची सोय प्रौढांपासून वेगळी करावी लागते आणि पालकांपैकी किंवा त्यांनी नेमलेले कोणीतरी पूर्ण वेळ त्याच्यासोबत राहते. मुलाला तेथेच ठेवून घेतील, ही धास्ती बाळगू नये.

तरीही मनोरुग्णालयाच्या फाटकापाशी पाय अडत असतील, तर वाशीचे महापालिका रुग्णालय किंवा कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय येथील मानसोपचार विभागात जावे. इतर विभागांच्या गर्दीत कोण कशासाठी आले आहे हे कोणाला कळत नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क आहेत. महापालिकेची रुग्णालये त्या निर्णयात येत नाहीत, त्यामुळे तेथे केसपेपरचे शुल्क द्यावे लागू शकते.

पहिल्या खेपेची माझी चूक मात्र आपण करू नये. एका सरकारी रुग्णालयात मी मुलाला खिडकीपाशी रांगेत उभे केले, आतल्या माणसाने “मानसोपचार कोणाला?” असे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारले, आणि मुलगा शर्टाची कॉलर तोंडापर्यंत ओढून थेट रस्त्यावर गेला. पुढच्या वेळी मी एकटाच सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढला, नंबर जवळ आल्यावर त्याला व त्याच्या आईला बोलावून घेतले. डॉक्टरांनी प्रथम मलाच बाहेर बसायला सांगितले, याचा तेव्हा राग आला होता. आत तो वीस मिनिटे बोलला, घरी महिन्याभरात बोलला नसेल तेवढे.

कुठे जात आहोत हे मुलाला आदल्या दिवशीच खरे सांगावे. ‘रक्त तपासायला जाऊ’ असे सांगून नेलेला मुलगा दुसऱ्यांदा येत नाही. अभ्यासातली अडचण शाळा टाळण्यामागे असू शकते, म्हणून मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तके न्यावीत. एका वहीत तो किती वाजता झोपतो, कधी उठतो, काय खातो हे आजपासूनच लिहू लागावे: पुढच्या भेटीत डॉक्टर बदललेले असू शकतात, आणि मग ती वहीच उपयोगी पडते.

मध्यरात्री काही सुचेनासे झाले तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मात्र त्याने स्वतःला इजा केली असेल किंवा तसे बोलत असेल, तर फोनवर वेळ न घालवता त्याला एकटे न सोडता जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यावे.