आधी माणूस, मग आवाज

पोरी,

आवाजाची कामं मिळावीत म्हणून केलेलं तुझं डेमो रेकॉर्डिंग ऐकलं. दीड मिनिटात बावीस आवाज! म्हातारी, खार, राक्षस, तान्हं बाळ, रोबो, पुन्हा एक म्हातारी. गळा तयार आहे, हे तुलाही ठाऊक आहे, त्यावर शाई खर्च करत नाही. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या बाविसांपैकी एकालाही काही हवं नव्हतं. कुणाला घाई नव्हती, कुणी कुणापासून काही लपवत नव्हतं. आणि ही तीच मुलगी, जिने मालिकेतल्या चोंबड्या शेजारणीच्या भूमिकेत नुसतं दार लोटून आत येताना हशा घेतला होता! तेव्हा कुठला आवाज काढला होतास? कुठलाच नाही. त्या बाईला घरातलं बोलणं ऐकायचं होतं आणि आपण त्यासाठी आलोच नाही असंही दाखवायचं होतं. तेवढ्यावर सगळं चाललं.

आधी माणूस, मग आवाज. खारीलाही मी माणूसच म्हणते.

तू लिहितेस की कार्टूनच्या रेकॉर्डिंगला दिग्दर्शक काचेपलीकडून "अजून मजा आण" म्हणतो आणि तू आवाज आणखी चिरका करतेस. अगं, "मजा आण" म्हणजे त्याला ऐकताना कंटाळा आला, एवढंच. उपाय त्यालाही माहीत नसतो, तो तू शोधायचा. त्याला विचार, ही आत्ता कुणाशी बोलतेय? तो किती लांब उभा आहे? याआधी काय घडलं? तो चिडला तर चिडू दे. ही उत्तरं नसताना पट्टी चढवत गेलीस तर संध्याकाळी घसा बसेल आणि मजा मात्र येणार नाही.

'द सिम्प्सन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेतल्या बापाला, होमर सिम्प्सनला, डॅन कॅस्टेलानेटाने आवाज दिला, तो सुरुवातीला वॉल्टर मॅथाऊ या नटाची सैलशी नक्कल होता. लहानलहान चुटक्यांपुरतं ते भागलं. पण लांब रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज टिकेना, त्यात रागालोभाला पुरेशी जागाही मिळेना. मग त्याने तो खाली आणला. होमर बोलताना तो हनुवटी छातीकडे झुकवतो, म्हणजे शरीर आधी होमरचं होतं. होमरचा तो जगप्रसिद्ध "डोह!" हा उद्गार तर संहितेत लिहिलेलाच नव्हता. तिथे फक्त "वैतागलेला हुंकार" अशी सूचना होती. नटाला त्या माणसाचा वैताग कळला होता, म्हणून उद्गार सापडला. त्याला बावीस हुंकार येत होते म्हणून नव्हे.

जुन्या अमेरिकन कार्टूनांना आवाज देणाऱ्या मेल ब्लँकचं काम पुन्हा ऐक, या वेळी डोळे मिटून. १९५१ सालच्या एका लघुपटात बग्ज बनी हा ससा डॅफी बदकाचं सोंग घेतो आणि डॅफी बग्जचं. दोघांचाही गळा ब्लँकचाच. तरी बदकाच्या वेषातला ससा ससाच राहतो आणि सशाच्या वेषातलं बदक बदकच. एकाला घाई नाही, दुसऱ्याला धीर नाही. नकलेच्या आतही माणूस सुटलेला नाही. हे जमेपर्यंत दुसरं काही करू नकोस.

कॅमेऱ्यापुढून आलेल्या विनोदी नटाला रेकॉर्डिंगच्या बूथमध्ये सगळ्यात जास्त छळते ती शांतता. आपण हशासाठी क्षणभर थांबायला शिकलेले असतो. समोर प्रेक्षक असतील तर तो क्षण ते भरतात, नसतील तर समोरच्या नटाचा चेहरा भरतो. बूथमध्ये यातलं काहीच नाही. कित्येकदा समोरच्याची वाक्यं रेकॉर्डसुद्धा झालेली नसतात, कुणीतरी ती सपाट वाचून दाखवतं. तू थांबलीस तरी तो विराम संकलक कापून टाकू शकतो. तेव्हा थांबण्यावर भिस्त ठेवू नकोस. विचार बदलतो ती जागा वाक्याच्या आतच ऐकू आली पाहिजे. आणि समोरच्याचं वाक्य सपाट वाचलेलं असलं तरी ते खरंच ऐक. मालिकेत तू उत्तम ऐकायचीस. बूथमध्ये आपली पाळी यायची वाट बघतेस, ते रेकॉर्डिंगमध्ये कळतं. मूळ ॲनिमेशनमध्ये बहुधा आवाज आधी आणि चित्र नंतर, म्हणजे ती खार तुझ्या श्वासावरून काढली जाणार आहे. डबिंगमध्ये ओठ दुसऱ्याचे असतात, तिथे जागा थोडी; पण त्या थोड्या जागेतही आधी माणूसच.

माझ्याबद्दल विचारलं आहेस म्हणून सांगते. एका मालिकेतलं पात्र माझ्याकडे आलं ते आधीच्या कलावंताने काम सोडल्यावर. मला त्याच्या जुन्या ध्वनिफिती देऊन सांगितलं, हुबेहूब हेच. मी म्हणाले, आवाज जुळवून देते, पण हे पात्र इतकं बडबडतं का ते मला सांगा. कुणाला सांगता येईना. मी माझं एक कारण शोधलं, त्याला एकटं पडायची भीती वाटते, आणि तसं केलं. त्यांना फरक ऐकू आला, आवडला नाही, आणि माझ्या जागी दुसरी आली. पुढे बराच काळ मला आडमुठी म्हणत. म्हणोत. काही कामं हातची गेली, चांगल्या माणसांशी बोलणं तुटलं, याची हळहळ आजही आहे. पण त्या पात्राला भीती वाटत होती ती वाटतच होती, आणि ते मी आजही तसंच करेन. तुला हे माझं समर्थन वाटलं तर वाटू दे. मला ते पटलेलं आहे, आणि तुला दुसरं काही शिकवायला माझ्याकडे नाही.

आता "पडद्यावरून उतरले" या तुझ्या रडण्याबद्दल. ज्युली कॅव्हनर या नटीला १९७८ साली कॅमेऱ्यापुढच्या विनोदी भूमिकेसाठी एमी हे अमेरिकन टीव्हीचं पारितोषिक मिळालं आणि १९९२ साली होमरच्या बायकोच्या, मार्ज सिम्प्सनच्या आवाजासाठी. तीच बाई, तेच काम. आपल्या दिलीप प्रभावळकरांकडे बघ. दूरदर्शनवरचे चिमणराव, टिपऱ्यांच्या घरातले आबा आणि 'झपाटलेला'तला तात्या विंचू. रामदास पाध्यांच्या बाहुल्यातून बोलणारा तात्या आपण आधी हाडामांसाचा पाहिलेला असतो, म्हणून ते बाहुलं बोलू लागलं की दचकायला होतं. यात वरची पायरी कुठली आणि खालची कुठली, दाखव मला.

कराराचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. २०२३ साली हॉलिवूडच्या नटांनी ११८ दिवस संप केला आणि २०२४ साली व्हिडिओ गेममधल्या कलावंतांनीही केला. दोन्ही वेळा यंत्राने (एआयने) बनवलेल्या नटांच्या नकला हा मोठा मुद्दा होता. तुझ्या आवाजावरून यंत्र शिकवायची परवानगी करारात एखाद्या ओळीत दडलेली असू शकते. ती ओळ शोध, समजली नाही तर सही करू नकोस, आणि "सगळेच करतात" म्हणणाऱ्यासमोर गप्प बसून राहा. तुझ्या त्या बाविसांच्या फितीतून यंत्राला जेवढं हवं तेवढं आयतं मिळतं, हेही लक्षात घे.

ती फीत मोडून टाक. नवी कर, चार जणांची. प्रत्येकाला किमान पंधरा सेकंद दे, त्यातला एक तुझ्या रोजच्या आवाजात असू दे, आणि निदान एकाने कुणाचं तरी मुकाट ऐकलेलं कळू दे. रेकॉर्डिंगला सळसळणारे कपडे घालू नकोस, म्हणजे हातपाय हलवता येतील. हात बांधून उभी राहिलीस की आवाजही बांधला जातो. आणि किंचाळण्याची, मारामारीची वाक्यं सत्राच्या शेवटी घ्यायला सांग. मागायला लाजू नकोस. दुसऱ्या दिवशी घसा बसला तर बोलावणं दुसरीला जातं.