मोटरवाला पडदा सरकला की मोशन सेन्सर का वाजतो?

घरी कोणी नसताना पडदे ठरल्या वेळी आपोआप सरकतात आणि अलार्म वाजतो, असा तुमचा प्रश्न आहे. सेन्सर बहुधा बिघडलेला नाही. घरगुती सेन्सर सहसा पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) असतो आणि तो उष्णतेतला बदल टिपतो. पुढचं दुधाळ भिंग खोलीचे पंख्यासारखे पट्टे पाडतं. गरम वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेली की इशारा. ऊन असताना पडद्याला हात लावून पाहा, मग शेजारच्या भिंतीला. तो तापलेला कपडा सरकला की सेन्सरला माणूस चालल्यासारखाच वाटतो.

खरा उपाय जागा बदलण्याचा. सेन्सर खिडकीसमोर नको; खिडकीच्याच भिंतीवर, तोंड खोलीच्या आत करून लावा. एसीचा झोतही टाळा. जागा बदलणं शक्य नसेल तर भिंगाचा खिडकीकडचा भाग झाका (काही सेन्सरसोबत त्यासाठी स्टिकर येतात) आणि नंतर वॉक टेस्ट (खोलीत चालून सेन्सर टिपतो का ते पाहणं) नक्की करा.

ऑटोमेशनमध्ये अट घाला: अलार्म चालू असताना पडदे हलायचे नाहीत. ते हलायलाच हवे असतील तर तेवढ्यापुरता तो एकच सेन्सर वगळा, पण मग त्या खिडकीला चुंबकाचा सेन्सर (खिडकी उघडली की इशारा देणारा) हवाच, नाहीतर तेवढा वेळ खोलीवर पहारा राहत नाही.

पीआयआरला मायक्रोवेव्ह लहरींची जोड असलेला दुहेरी सेन्सर (दोन्हींनी टिपलं तरच वाजणारा) घ्यायची घाई करू नका. पडद्याची हालचाल मायक्रोवेव्ह लहरींनाही दिसते. संवेदनशीलता कमी करणं अगदी शेवटी, कारण मग चोरही सुटू शकतो.