जुन्या काळातल्या प्रेमकथेत ताण येतो कुठून?

वाडा आहे, नऊवारी आहे, कंदील आहे, तरी दोघांमधला ताण जाणवत नाही, असं तुम्ही तुमच्या एकांकिकेबद्दल लिहिलंय. हे दुखणं मी भोगलंय. मी गोव्यात फोंड्याजवळ राहते. आमच्या देवळाच्या जत्रेला दरवर्षी मराठी नाटक होतं आणि नेपथ्य-वेशभूषेचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे.

मला वाटतं, त्या काळची वस्तू दोघांच्या मध्ये यायला हवी. नुसती मागे टांगलेली असेल, तर ती कितीही अस्सल असो, देखावाच.

आमच्या एका नाटकाची गोष्ट १९५५ सालची होती. मुलगी गोव्यातली, मुलगा मुंबईला नोकरीला, सुट्टीवर आलेला. खिडकीला मी जाळीचे पडदे लावले होते. ती पडद्याआडून त्याला बघायची, तो खालून वर बघायचा. दिसायला सुरेख, पण घडत काहीच नव्हतं. तालमीला आलेल्या एका वयस्क बाई म्हणाल्या, आमच्या घराला शिंपल्यांच्या खिडक्या होत्या, त्यांतून बाहेरचं कुठे दिसायचं?

खरंच की! त्या शिंपल्यांतून उजेड आत येतो, माणूस दिसत नाही. मी पडदे काढले, लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत ट्रेसिंग पेपर बसवला आणि मागून दिवा दिला. आता तिला फक्त पावलं ऐकू यायची, फार तर एक सावली. त्याला बघायचं तर खिडकी उघडावी लागणार. दिवस पावसाळ्याचे, लाकूड फुगलेलं, उघडताना करकरणार, आणि राजांगणात, म्हणजे घराच्या आतल्या चौकात, आई वाती वळत बसलेली. मुलगी कडीवर हात ठेवून उभी राहिली आणि समोरची माणसं गप्प झाली. संवाद एकही वाढवला नव्हता.

सत्यजित राय यांचा १९६४ सालचा ‘चारुलता’ पाहिला नसेल तर जरूर बघा. कथा १८७९ च्या कलकत्त्यातली. चारू दुर्बीण घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत जाते, झडपांच्या फटींतून रस्त्यावरची माणसं न्याहाळते. मग नवरा पुस्तकात डोकं घालून तिच्याजवळून जातो, त्याला ती दिसतही नाही. तो लांब जाताना ती त्याच्याकडेही दुर्बिणीतूनच बघते. एका घरात राहणाऱ्या नवऱ्याला बघायला दुर्बीण लागते! पुढे बागेत झोपाळ्यावर तीच दुर्बीण तिच्या दिराकडे, अमलकडे वळते, तेव्हा माझ्या पोटात दर वेळी खड्डा पडतो. शेवटी नवरा-बायकोचे हात एकमेकांकडे निघतात आणि चित्र तिथेच गोठतं.

काळ नीट निवडला तर खलनायकही लागत नाही. १९५५ सालीच, तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेला गोवा आणि भारत यांच्यातली रेल्वे बंद झाली. आमच्या नाटकात मुलाची ट्रंक पहिल्या प्रवेशापासून कोपऱ्यात होती. गाडी बंद होणार अशी कुणकुण लागल्यावर लोक तिच्याकडेच बघू लागले, कारण आत्ता निघाला तर परत येईल कसा, आणि थांबला तर नोकरीचं काय?

तपशील मात्र चुकवू नका. त्या मुलाच्या खिशात रुपिया आणि टांगा, म्हणजे तेव्हाची गोव्यातली नाणी हवीत. एस्कुद हे पोर्तुगीज चलन गोव्यात त्यानंतर काही वर्षांनी आलं. आमच्याकडे तो काळ जगलेली माणसं पहिल्या रांगेत बसतात. एक चुकीचं नाणं दिसलं की त्यांचा मुलीच्या धडधडीवरचा विश्वासही उडतो.

वासाचं काय करायचं हे मला अजून पुरतं जमलेलं नाही. सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा, सुकला तरी वास सोडत नाही, पण तो रंगमंचावर दिसणार कसा? आम्ही तो पुस्तकात ठेवला आणि आईला ते पुस्तक उचलायला लावलं. ती उघडत नाही, फक्त क्षणभर थांबते. तेवढं पुरलं.

तुमच्या प्रवेशात कंदील कुणाच्या हातात आहे? मुलीच्या हाती देऊन बघा. तिने तो वर धरला तर तिला त्याचा चेहरा दिसेल, पण ओसरीवरून बघणाऱ्याला तिचाही दिसेल. ती तो किती वर उचलते, तेवढंच आधी लिहा.