आयट्रोजेनिक : उपचारातून झालेल्या अपायाला मराठीत काय म्हणावे?

कोथरूडच्या एका वाचक भगिनींनी विचारलेली शंका अशी : त्यांच्या वडिलांच्या डिस्चार्ज कार्डावर 'आयट्रोजेनिक न्यूमोथोरॅक्स' असे निदान लिहिले आहे. 'आयट्रोजेनिक' म्हणजे डॉक्टरांमुळे झालेले, एवढे कळल्यावर घरात दोन तट पडले. एकाच्या मते रुग्णालयाने आपली चूक लेखी कबूल केली, तर दुसऱ्याच्या मते तसा अर्थ मुळीच नाही. गावाकडच्या नातेवाइकांना मराठीत काय कळवावे, हा पुढचा प्रश्न.

दुसऱ्याचे म्हणणे बरोबर आहे. या शब्दात चुकीची कबुली नाही, आणि चूक झालीच नसल्याची ग्वाहीही नाही. झालेला अपाय मूळ आजाराचा भाग नव्हता, तपासणी किंवा उपचार करताना तो उद्भवला, एवढेच हा शब्द सांगतो. मराठी प्रतिशब्द निवडताना हा तटस्थपणा टिकवणे सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि नेमका तोच आपल्याकडे वारंवार हातचा सुटतो.

आधी हे निदान समजून घेऊ. अत्यवस्थ रुग्णाला मोठ्या शिरेतून औषधे देण्यासाठी गळपट्टीच्या हाडाखालून किंवा मानेतून सुई घालून बारीक नळी बसवतात, तिला सेंट्रल लाइन म्हणतात. त्या शिरेच्या अगदी लगत फुप्फुसाचे टोक आणि त्यावरचे पातळ आवरण असते. सुईचे टोक त्याला लागले, तर आवरणाच्या पोकळीत हवा शिरते, फुप्फुस आक्रसते आणि रुग्णाला धाप लागते. हाच न्यूमोथोरॅक्स. मग बरगड्यांमधून नळी घालून ती हवा काढावी लागते. हा धोका पाठ्यपुस्तकांत नोंदलेला आहे आणि सरावलेल्या हातांकडूनही हे घडू शकते. आपल्या वडिलांच्या बाबतीत सुई कशासाठी घातली होती, हे कार्डाच्या त्या एका ओळीवरून मला कळत नाही. मात्र शब्दाचा अर्थ लावायला हे उदाहरण पुरेसे आहे.

ग्रीक भाषेत 'इयात्रोस' म्हणजे वैद्य. सायकिअ‍ॅट्री, पीडिअ‍ॅट्रिक्स या आपल्या कानांवरून नेहमी जाणाऱ्या शब्दांतही तोच दडलेला आहे. 'जेनिक' हा उत्तरार्ध ज्या धातूपासून आला, तो आपल्या 'जन्' धातूचा सख्खा भाऊ आहे. म्हणून 'जेनिक'साठी 'जन्य' हे केवळ सोयीचे भाषांतर नाही, ते एकाच घराण्यातले रूप आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा शब्द रूढ होत असताना तो मुख्यतः डॉक्टरांच्या बोलण्यामुळे रुग्णाच्या मनात उत्पन्न होणाऱ्या विकारांसाठी वापरला जाई. 'हृदय जरा कमजोर दिसते' असे तपासताना सहज बोलले जाते आणि धडधाकट माणूस धास्तीनेच अंथरूण धरतो, हा त्यातला प्रकार. पुढे प्रभावी औषधे आणि मोठ्या शस्त्रक्रिया आल्या, तसा अर्थ विस्तारत गेला.

आता मराठीत चालणारे पर्याय पाहू. बातम्यांमधून सर्रास 'वैद्यकीय हलगर्जीपणा' लिहितात. हा आरोप आहे आणि तो सिद्ध व्हावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात स्पष्ट केले की, उपचाराला यश आले नाही किंवा निर्णय चुकला एवढ्यावरून डॉक्टर निष्काळजी ठरत नाही, आणि फौजदारी गुन्ह्यासाठी तर निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो. हलगर्जीपणातून झालेला अपाय हाही आयट्रोजेनिकच, पण प्रत्येक आयट्रोजेनिक अपाय हलगर्जीपणातून झालेला नसतो. थॅलिडोमाइडचे उदाहरण बोलके आहे. 1957 साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले हे औषध गरोदर स्त्रियांना मळमळीवर आणि झोपेसाठी दिले गेले, आणि हातापायांची वाढ खुंटलेली हजारो बालके जन्माला आल्यावर 1961 च्या अखेरीस तिथे ते मागे घेतले गेले. निर्मात्या कंपनीच्या जबाबदारीचा प्रश्न वेगळा, आणि तो गंभीर आहे. पण औषध सुरक्षित आहे या ग्वाहीवर विसंबून चिठ्ठी लिहिणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हलगर्जी म्हणता येत नाही. अपाय मात्र उपचारातूनच झाला.

याच्या उलट टोकाला 'गुंतागुंत' हा शब्द आहे. 'उपचारादरम्यान गुंतागुंत निर्माण झाली' या वाक्यात कर्ताच नाही, जणू सारे आपोआप घडले. मला हा शब्द हलगर्जीपणाइतकाच खटकतो, कारण आजाराने केलेली गुंतागुंत आणि उपचाराने केलेली गुंतागुंत यांतला फरक तो पुसून टाकतो, आणि तो फरक जाणून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे. 'उपद्रव' या शब्दाचीही हीच अडचण आहे. आयुर्वेदात मूळ व्याधीच्या पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या व्याधीला उपद्रव म्हणतात.

'दुष्परिणाम' चांगला आहे, पण तो आपल्या मनात औषधाशी जोडला गेलेला आहे. सुईने फुप्फुसाला इजा झाली तर सुईचा दुष्परिणाम झाला असे कोणी म्हणत नाही. औषधांपुरता तो नेमका बसतो. रक्तदाबावरच्या अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांवर सूज येते, हा दुष्परिणाम. ती सूज नवा आजार समजून लघवीची गोळी सुरू केली, त्या गोळीने यूरिक अ‍ॅसिड वाढले आणि पायाचा अंगठा ठणकू लागल्यावर तिसरी गोळी आली, तर मात्र 'दुष्परिणाम' अपुरा पडतो. अपाय इथे एका गोळीचा राहिलेला नाही, उपचारांच्या साखळीचा झाला आहे. पेठांतल्या कितीतरी घरांत ज्येष्ठांचे गोळ्यांचे डबे असेच भरत जातात, आणि म्हणून या अपायाला स्वतंत्र नाव हवे असे मला कळकळीने वाटते.

शब्दशः भाषांतर 'वैद्यजन्य' असे होईल. ते मूळ शब्दाला धरून असले तरी मी सुचवणार नाही, कारण मराठी कानाला त्यात वैद्याकडे रोखलेले बोट दिसते. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात वमन आणि विरेचन, म्हणजे उलटी आणि जुलाब करवण्याचे उपचार, यांतून उद्भवणाऱ्या दहा 'व्यापदां'ची, म्हणजे अपायांची, चर्चा आहे, आणि त्यांची कारणे सांगताना परिचारक, औषध, वैद्य आणि स्वतः रुग्ण अशा चौघांच्या वैगुण्याचा उल्लेख येतो. उपचारातल्या अपायाचा विचार करताना वैद्य हा चारांतला एक, ही जाण इतकी जुनी आहे. त्याच ग्रंथाच्या निदानस्थानात म्हटले आहे की, जो प्रयोग एक व्याधी शमवून दुसरी उत्पन्न करतो तो शुद्ध नव्हे. 'व्यापद' हा शब्द सुंदर आहे खरा, पण वैद्यांच्या वर्तुळाबाहेर तो आज कोणाला कळणार नाही.

म्हणून माझी पसंती 'उपचारजन्य' या शब्दाला आहे. पावसाळ्यात महापालिकेच्या फलकांमुळे 'कीटकजन्य' आणि 'जलजन्य' हे शब्द सर्वांच्या परिचयाचे झालेले आहेत, त्यांच्या पंगतीत हा सहज बसतो. नाम हवे असेल तेव्हा 'उपचारजन्य अपाय' म्हणावे. तपासणीतून झालेल्या इजेलाही तो चालवून घेता येतो. त्याला 'अनवधानाने झालेला' हे विशेषण मात्र जोडू नये. अनवधान म्हणजे लक्ष नसणे, तेव्हा निष्काळजीपणाचा आरोप मागच्या दाराने परत येतो. हेतू नव्हता एवढेच सांगायचे असेल तर 'अहेतुक' किंवा साधे 'नकळत' पुरे.

बोलीत तर याहून सोपी सोय आहे. 'आईला ते औषध बाधले' असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो आहोत. औषध मानवते, लागू पडते, उष्ण पडते, अंगावर उठते, तसेच ते बाधते. या क्रियापदात कारण स्वच्छ सांगितले जाते आणि दोष कोणाच्या माथी मारला जात नाही, म्हणून पोटात गेलेल्या किंवा टोचलेल्या औषधापुरते 'बाधणे' मला कोणत्याही परिभाषेपेक्षा सरस वाटते. सुई, नळी, शस्त्रक्रिया यांच्या इजेला ते लागू पडत नाही, आणि आपल्या प्रश्नातला प्रसंग त्यातलाच आहे.

तेव्हा नातेवाइकांना असे कळवावे : 'उपचार चालू असताना बाबांच्या फुप्फुसाला इजा होऊन छातीत हवा साठली होती. हा त्रास त्यांच्या मूळ आजाराचा नव्हे, उपचारजन्य होता.' ती इजा टाळता आली असती का, हे आपण डॉक्टरांना स्वतंत्रपणे विचारावे, आणि त्याचे उत्तर कार्डावरच्या विशेषणातून काढू नये. पुढच्या डॉक्टरांना दाखवायच्या कागदांवर मात्र 'आयट्रोजेनिक न्यूमोथोरॅक्स' हे मूळ शब्दच ठेवावेत. पुन्हा कधी सेंट्रल लाइन घालायची वेळ आली, तर त्यांना ती नोंद लगेच ओळखता आली पाहिजे.