दावोसमध्ये राहणं कसं असतं? सात हिवाळ्यांनंतरचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलीला दावोसच्या संशोधन संस्थेत दोन वर्षांचं काम मिळालंय, ती नोव्हेंबरात निघणार. गाव नेमकं कसं आहे, एवढ्या बर्फात तिचा निभाव लागेल का, तिथली माणसं कशी आहेत, असं तुम्ही विचारलंय. तिला लहानपणापासून दमा आहे, ती काळजी वेगळीच. मी तिथे नोकरीच्या निमित्ताने सात हिवाळे काढले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे दावोसचं नाव जानेवारीत निघतं. मुख्यमंत्री जातात, करारांचे आकडे छापून येतात, आणि मग ते नाव पुढच्या जानेवारीपर्यंत कुणी काढत नाही. जागतिक आर्थिक परिषद १९७१ पासून तिथे भरते, पण ती पाचेक दिवसांची. मुलगी उरलेल्या तीनशे साठ दिवसांच्या गावात राहणार आहे.

आधी उंचीचा अंदाज देते. कळसूबाईचा माथा १६४६ मीटर आहे. दावोस आहे १५६० मीटरवर, म्हणजे आपल्या सर्वांत उंच शिखराच्या किंचित खाली, आणि तिथे दुकानं, शाळा, इस्पितळ, रेल्वे स्टेशन असं अख्खं गाव वसलेलं. फरक एवढाच की कळसूबाईवरून खाली बघायचं असतं आणि दावोसमध्ये वर, कारण ते खोऱ्याच्या तळाशी आहे. दोन्ही बाजूंचे डोंगर आणखी हजार मीटर वर जातात. स्वित्झर्लंडच्या पूर्वेकडचं ग्राउब्युंडन हे कॅन्टन (म्हणजे तिथलं राज्य), त्यातलं लांडवासर नदीचं हे खोरं ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे पसरलंय. वरच्या टोकाला तळ्याजवळ दावोस डोर्फ, खाली दावोस प्लाट्झ. ही दोन गावं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. वस्ती साधारण अकरा हजारांची, पण नगरपालिकेची हद्द २८४ चौरस किलोमीटर! त्यातलं बहुतेक सगळं जंगल, कुरणं आणि खडक. दक्षिणेकडे फ्ल्युएला, डिश्मा आणि झेर्टिग अशी तीन उपखोरी फुटतात. तिथली गाई-गुरांची घरं बघितली की दावोस मुळात काय होतं ते कळतं.

तळ्याची गोष्ट मला फार आवडते. फार पूर्वी या खोऱ्याचं पाणी उत्तरेला, शेजारच्या क्लोस्टर्स गावाकडे उतरत असे. मग टोटआल्पचा डोंगर कोसळला आणि ती वाट बुजली. मागे मोठं तळं साचलं, आणि पाण्याने उलट्या दिशेला नैर्ऋत्येकडे वाट काढली. आजचं तळं हा त्या मोठ्या तळ्याचा उरलेला तुकडा. कोसळलेल्या दगडमातीवरूनच आता रेल्वे आणि रस्ता वोल्फगांगच्या खिंडीतून गावात येतात. गेल्या शतकात वीज करण्यासाठी तळ्याचं पाणी पुन्हा क्लोस्टर्सच्याच बाजूला सोडायला सुरुवात झाली, म्हणून हिवाळ्याच्या शेवटी तळं पार खाली गेलेलं दिसतं. मुलीने फोटो पाठवला आणि तळं आटल्यासारखं वाटलं तर घाबरू नका, बर्फ वितळला की भरतं.

आता हवा. जानेवारीची सरासरी उणे पाचाच्या आसपास, जुलैची बाराच्या आसपास. पहाटे उणे पंधरा-वीस होतं, तेही खरं. पण हे आकडे पुण्या-मुंबईत बसून वाचले की अंगावर काटा येतो, तसं तिथे होत नाही. हवा कोरडी असते, चहूबाजूंच्या डोंगरांमुळे वारा कमी लागतो, आणि हिवाळ्यात आभाळ पुष्कळदा निळंशार असतं. उणे पाचात भिंतीला पाठ टेकून उन्हात बसलेली म्हातारी माणसं मी रोज बघायचे, कोटाची बटणं उघडी टाकून. मला स्वतःला दावोसच्या थंडीपेक्षा झ्युरिकचं धुकं जास्त झोंबायचं. वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून साधारण हजार मिलिमीटर पाणी पडतं, आणि त्यातला मोठा वाटा उन्हाळ्यातल्या सरींचा असतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. जूनमध्येही कधीकधी बर्फ पडतो. शाळेतली मुलं उठून खिडकीशी जातात, बाकी कुणी मान वर करत नाही.

घर शोधताना एकच गोष्ट धरून ठेवा: वायव्येकडच्या उतारावर, म्हणजे प्रोमेनाड हा मुख्य रस्ता आणि त्याच्या वरच्या अंगाला घर मिळालं तर घ्यावं. तिथे ऊन लवकर येतं आणि उशिरापर्यंत थांबतं. समोरच्या, याकोब्सहोर्न डोंगराच्या पायथ्याच्या बाजूला डिसेंबरात सूर्य डोंगराआडून जेमतेम डोकावतो. माझं पहिलं घर त्या बाजूला होतं. भाडं परवडलं म्हणून घेतलं, आणि पहिला हिवाळा दिवसा दिवे लावून काढला.

याच उन्हामुळे गावाचं नशीब पालटलं. १८५३ मध्ये अलेक्झांडर श्पेंगलर नावाचा जर्मन डॉक्टर इथे आला. १८४८ च्या क्रांतीत भाग घेतल्यामुळे त्याला देश सोडावा लागला होता. त्याच्या लक्षात आलं की या खोऱ्यातल्या माणसांना क्षय जवळजवळ होतच नाही. १८६५ च्या हिवाळ्यात पहिले दोन रुग्ण आले. त्या काळी क्षयरोग्याला भर हिवाळ्यात बर्फाळ डोंगरावर पाठवणं म्हणजे वेडेपणा वाटायचा, पण त्यांना बरं वाटलं आणि बातमी पसरली. मग विलेम यान होल्सबूर हा डच गृहस्थ आजारी बायकोला घेऊन आला. बायको वाचली नाही, पण तो इथेच राहिला, आरोग्यधाम उभारलं, आणि लांडक्वार्टहून रेल्वे आणण्यामागे तोच होता. १८९० मध्ये गाडी दावोसला पोचली. तोवर इथे यायचं म्हणजे घोडागाडी नाहीतर बर्फावरची घसरगाडी.

त्या काळच्या खुणा तुमच्या मुलीला रोज दिसतील. गावातल्या जुन्या इमारतींना दक्षिणेकडे तोंड करून ओळीने गॅलऱ्या आहेत. त्यात रुग्णांना ब्लँकेटं गुंडाळून तासन्‌तास निजवत. सगळा उपचार हाच: थंड कोरडी हवा, ऊन, दूध आणि विश्रांती. विसाव्या शतकाच्या मध्यावर स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध आलं आणि आरोग्यधामं एकामागून एक बंद पडली किंवा हॉटेलं झाली. डोंगरावरचं शाट्सआल्प १९०० मध्ये रुग्णांसाठीच बांधलेलं, आज तिथे पर्यटक उतरतात.

दम्याबद्दल म्हणून हे मुद्दाम सांगते. इतक्या उंचीवरच्या कोरड्या हवेत घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे, ज्यांच्यामुळे बऱ्याच जणांचा दमा बळावतो, ते फारसे तगत नाहीत. म्हणूनच दावोसमध्ये दमा आणि ॲलर्जीचे रुग्णालय आहे, त्यावर संशोधनही चालतं. पण गार हवेत चढ चढताना किंवा धावताना छाती भरून येऊ शकते. नाकातोंडावर गळपट्टा हवा, आणि इन्हेलर कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायला सांगा. गार पडला की नीट फवारत नाही. निघण्यापूर्वी तिच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, माझ्या शब्दावर औषधं बदलू नका.

बर्फाची भीती मात्र मनातून काढून टाका. हे गाव बर्फाला पुरतं ओळखून आहे. ऑक्टोबरात रस्त्यांच्या कडेला लांब काठ्या रोवतात, म्हणजे पुढे सगळं पांढरं झालं तरी बर्फ ढकलणाऱ्या गाडीला रस्त्याची कड समजते. पहाटे अंधारात त्या गाड्यांचा खरखराट सुरू होतो. पहिल्या वर्षी त्याने झोपमोड व्हायची, नंतर तो आवाज आला की रात्री किती पडला असेल याचा मी पांघरुणातूनच अंदाज बांधायचे. पायवाटांवर बारीक खडी टाकतात, ती बुटांना चिकटून घरात येते, आणि वसंतात सगळी झाडून गोळा करतात. घरांची छपरंही नीट बघायला सांगा. बर्फाळ गाव म्हटलं की आपल्याला उतरती छपरं आठवतात, पण दावोसमध्ये सपाट छपरं पुष्कळ आहेत. छपरावरचा बर्फ रस्त्यावर माणसांच्या अंगावर घसरू नये म्हणून तो वरच राहू देतात, आणि पाणी आतल्या नळांनी उतरवतात. थराखाली घर उबदारही राहतं.

डोंगरावरून कोसळणारा बर्फ ही वेगळी आणि गंभीर बाब. १९६८ च्या जानेवारीत इथे हिमस्खलनात तेरा माणसं गेली. गावावरच्या शियाहोर्नच्या उतारावर पोलादी अडसरांच्या रांगा दिसतात, त्या वरचा बर्फ सुटू नये म्हणून. फ्राउएनकिर्ख वाडीतल्या चर्चची डोंगराकडची भिंत तर होडीच्या नाकासारखी निमुळती बांधली आहे, लोंढा आलाच तर दुभंगून दोन्ही बाजूंनी जावा. मी पहिल्यांदा तिच्यावर हात ठेवला तेव्हा ती बांधणाऱ्यांनी काय काय पाहिलं असेल, ते मनात आलं. हिम आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी देशाची संस्था याच गावात आहे. १९३६ पासून गावावरच्या वाइसफ्लूयोख या डोंगराच्या परिसरात, अडीच हजार मीटरच्या वर, बर्फ मोजला जातोय. हिवाळ्यात धोक्याचा अंदाज रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला प्रसिद्ध होतो, एक ते पाच अशा पायऱ्यांत. गावात राहणाऱ्याला त्याची फार चिंता नसते, बांधकामाचे धोक्याचे पट्टे आखून दिलेले आहेत. पण मुलगी स्कीइंग शिकली आणि मित्रांबरोबर आखलेल्या उताराबाहेर जायचं ठरलं, तर तो अंदाज वाचल्याशिवाय तिने पाऊल टाकू नये. एवढं वचन मात्र तिच्याकडून घ्याच. बर्फ पडल्यावर पहाटे डोंगरात धडाम्‌ आवाज येतात. धोक्याचा बर्फ मुद्दाम सुरुंगाने पाडतात त्याचे ते आवाज असतात.

माणसांबद्दल. इथले जुने रहिवासी वाल्सर. तेराव्या शतकात ते स्वित्झर्लंडच्याच वालिस भागातून आले, १२८९ मध्ये त्यांना जमिनीची सनद मिळाली. त्याआधी खोऱ्यात रोमान्श बोलत. त्या भाषेत गावाचं नाव अजून ‘तावाऊ’ आहे. वाल्सरांनी आपली जर्मन बोली आणली आणि घरं एकत्र न बांधता प्रत्येकाने आपल्या कुरणाजवळ बांधली. स्वभावही काहीसा तसाच, आपापल्या अंतरावर राहणारा. पायवाटेवर भेटलेला अनोळखी माणूस ‘ग्र्युएत्सी’ म्हणतो. उत्तर दिलंच पाहिजे, नाही दिलं तर ते लक्षात ठेवतात. घरी बोलवायला मात्र वर्ष जातं. एकदा बोलावलं की ती ओळख पक्की. माझ्या शेजारच्या आजींनी पहिले आठ महिने नमस्कारापलीकडे शब्द काढला नव्हता. मग मी तापाने पडले तर दाराशी सूपचं भांडं ठेवून गेल्या, आणि पुढे सहा वर्षं दर गुरुवारी आमची कॉफी ठरलेली. मुलीने जर्मन शिकायला आतापासून सुरुवात करावी. प्रयोगशाळेत इंग्रजीवर भागेल, आजींशी नाही.

बाहेरून आलेलेही पुष्कळ आहेत. हॉटेलांत, बांधकामावर, स्वच्छतेच्या कामात पोर्तुगीज कुटुंबं दिसतात, काहींची दुसरी पिढी इथल्याच शाळेत शिकते. संशोधन संस्थांमुळे जगभरचे लोक येतात, त्यात भारतीयही. सगळ्यांना एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे आइस हॉकी. संघ १९२१ पासूनचा, आणि नाताळनंतरच्या आठवड्यातली श्पेंगलर चषक स्पर्धा १९२३ पासूनची, त्या डॉक्टरचा मुलगा कार्ल श्पेंगलर याच्या नावाची. एक सामना बघायला सांगा, अगदी नियम कळले नाहीत तरी.

घरं कमी आहेत, ही इथल्या लोकांची खरी तक्रार. सुट्टीपुरती घरं घेऊन ठेवणारे इतके झाले की २०१२ मध्ये देशभर मतदान होऊन अशा घरांवर मर्यादा आली. तरीही भाड्याचं घर मिळणं कठीणच. संस्थेकडून पहिल्या महिन्यांची सोय होते का, ते आत्ताच विचारा. परिषदेच्या आठवड्यात प्रोमेनाडवरची दुकानं कंपन्यांना आणि सरकारांना भाड्याने जातात, सैन्य येतं, ठिकठिकाणी तपासणी असते. त्या आठवड्याचा किराणा आधीच भरून ठेवावा.

आणि आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते. मला जड गेला तो नोव्हेंबर, आणि मे. उन्हाळा संपलेला, स्कीइंग सुरू व्हायचं. किंवा बर्फ वितळलेला आणि कुरणं अजून तपकिरी. हॉटेलं बंद, अर्धी उपाहारगृहं बंद, डोंगरावर जाणाऱ्या गाड्या देखभालीसाठी थांबलेल्या, स्थानिक लोक स्वतःच सुट्टीवर गेलेले. पहिल्या नोव्हेंबरात संध्याकाळी पाचला मी प्रोमेनाडवरून चालत होते. पाऊण किलोमीटरमध्ये मला एक माणूस भेटला, तोही कुत्र्याला फिरवणारा. त्या रात्री घरी फोन करून मी रडले होते. तुमची मुलगी नेमकी याच महिन्यात पोचणार आहे. पहिले चार आठवडे रोज फोन करा, आणि गाव असं का वाटतंय ते तिला आधीच सांगून ठेवा. क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या, म्हणजे खोऱ्यातून स्कीवर चालत जायच्या वाटेवर तिला न्या असंही कुणाला सांगा: मागच्या हिवाळ्याचा बर्फ लाकडाच्या भुश्याखाली उन्हाळाभर जपून ठेवतात आणि ऑक्टोबरच्या अखेरीस फ्ल्युएलाच्या खोऱ्यात तोच पसरून वाट तयार करतात. ओसाड नोव्हेंबरात गर्दी असते ती तिथे.

तुम्ही भेटायला फेब्रुवारीच्या शेवटी जा. दिवस मोठा झालेला असतो, बर्फ असतो, आणि उन्हात बाकावर बसता येतं. झ्युरिकहून लांडक्वार्टला गाडी बदलायची, पुढची लाल गाडी सावकाश चढते. काळा चष्मा आणि चेहऱ्याला लावायचं क्रीम विसरू नका. बर्फावरून परतणारं ऊन दोन तासांत नाक भाजून काढतं.