ओक्लाहोमात एप्रिलमध्ये येताय? आधी लपायची जागा ठरवा

नवऱ्याची बदली झाली, एप्रिलमध्ये ओक्लाहोमा सिटीत पोचणार, सहा वर्षांची मुलगी बरोबर. टोर्नेडोची भीती कितपत खरी आणि घर कसं बघायचं, असं तुम्ही विचारलंय. मी 2011 पासून इथे आहे. आमच्या घरावर टोर्नेडो एकदाही आला नाही. गारांपायी छप्पर मात्र दोनदा बदललं.

एप्रिल ते जून हा इथला मोसम, त्यातही मे जास्त. आपल्याकडे वळीव येतो तेच दिवस आणि वेळही बहुधा तीच, दुपार उलटल्यावर. मेक्सिकोच्या आखाताकडून (गल्फ) दमट हवा येते, पश्चिमेकडून कोरडी, वर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा. फरक इतकाच की इथला ढग स्वतःभोवती फिरू लागतो.

दोन शब्द आल्याआल्या पाठ करा. 'वॉच' म्हणजे आज होऊ शकतं: फोन चार्ज करा, बूट दाराशी ठेवा. 'वॉर्निंग' म्हणजे आत्ता, लपा. हातात दहा-पंधरा मिनिटं असतात, कधी तीही नाहीत. टीव्हीवर गावांपेक्षा काउंट्यांची (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) नावं जास्त येतात, म्हणून आपली काउंटी आणि नैऋत्येकडच्या शेजारणी ओळखून ठेवा. वादळं बहुतेक नैऋत्येकडून ईशान्येकडे सरकतात, त्यामुळे ग्रेडी किंवा मॅक्लेन काउंटीचं नाव आलं की शहराच्या दक्षिणेकडच्या नॉर्मन-मूर गावांतली माणसं जेवण अर्धवट सोडून उठतात.

घराचं म्हणाल तर तळघर गृहीत धरू नका. इथली माती चिकण, तळघरं फार कमी. गॅरेजच्या जमिनीत बसवलेलं स्टॉर्म शेल्टर असेल तर उत्तम. आधी अपार्टमेंट घेणार असाल तर तळमजलाच मागा (इथे त्याला फर्स्ट फ्लोअर म्हणतात, फसू नका) आणि खिडकी नसलेली मधली बाथरूम किंवा कपाटखोली आहे का ते बघा. सायकलचं हेल्मेट तिथेच ठेवायचं, मुलीचंही, तुमचंही. पुढे विकत घर घ्याल तेव्हा मूरमधली नवी घरं जरूर बघा. 1999 ला एफ-5 आणि 20 मे 2013 ला ईएफ-5 (दोन्ही म्हणजे सर्वांत जोरदार प्रतीचा टोर्नेडो) झेलल्यावर त्या गावाने 2014 मध्ये बांधकामाचे नियम कडक केले. नवं घर ताशी 135 मैलांच्या वाऱ्यासाठी बांधावं लागतं.

घराच्या विम्यात वादळ-गारांचं डिडक्टिबल (नुकसानीतला आपण स्वतः भरायचा भाग) बहुधा वेगळं आणि टक्क्यांत असतं. सही करण्याआधी विचारा. 3 लाख डॉलरच्या घरावर 2 टक्के म्हणजे 6 हजार आपल्या खिशातून. आम्ही विचारलं नव्हतं.

आता माझा मूर्खपणा. 31 मे 2013. मूरच्या टोर्नेडोला जेमतेम अकरा दिवस झाले होते, 24 माणसं गेली होती, त्यात शाळेतली लहान मुलं. शहराच्या पश्चिमेला एल रिनो गावाकडे मोठा टोर्नेडो उतरल्याचं ऐकलं आणि आम्ही मुलाला गाडीत घालून दक्षिणेला निघालो. अख्खं शहर निघालं होतं. हायवेवर गाड्या चिकटून उभ्या, वर गारा, पुढे सरकता येईना, मागे वळता येईना. तो टोर्नेडो 2.6 मैल रुंद होता, आजवर मोजलेला सर्वांत रुंद, आणि त्या दिवशी कितीतरी माणसं गाडीतच गेली. आम्ही वाचलो कारण तो आमच्याकडे आला नाही, एवढंच. म्हणून सांगते, वॉर्निंग आली की गाडीची किल्ली हातात घेऊ नका. पुलाखालीही थांबू नका, तिथे वारा आणखी जोर धरतो.

टोर्नेडोचा इशारा देणाऱ्या गावच्या भोंग्यावर विसंबू नका. तो घराबाहेरच्या लोकांसाठी असतो, एसी लावून झोपलात तर ऐकूही येणार नाही. वेदर रेडिओ (हवामानाचा इशारा आला की आपोआप वाजणारा रेडिओ) घ्या आणि फोनवरचे अलर्ट रात्री बंद करू नका.

आणि पहिल्याच शनिवारी भर दुपारी 12 ला भोंगा वाजला तर दचकू नका, चाचणी असते. वादळाची शक्यता असेल त्या शनिवारी ती घेत नाहीत. म्हणजे आभाळ भरून आलेलं असताना वाजला तर सरळ बाथरूम गाठा.